ब्योर्नसन आणि 'आंधळ्यांची शाळा' : एका नैतिक प्रश्नाचा प्रवास

१. प्रश्नाची मांडणी

मराठी रंगभूमीच्या इतिहासात १ जुलै १९३३ या दिवसाला एक निश्चित स्थान आहे. या दिवशी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचे नवे पर्व सुरू झाले, असे वाङ्मयेतिहासकार सामान्यतः मानतात. या पर्वाला 'इब्सेनवादी' किंवा 'इब्सेनप्रणीत' असे विशेषण लावण्याची प्रथाही रूढ आहे. मर्यादित अर्थाने ती चुकीची नाही. एका अंकात एकच प्रवेश, तीन भिंतींची वास्तव वाटणारी खोली, नित्याच्या बोलण्याजवळ जाणारे संवाद आणि कौटुंबिक समस्येचा चर्चात्मक उलगडा या तंत्राचा निर्देश 'इब्सेन' या एका नावाने होत असे, आणि आजही होतो.

परंतु 'आंधळ्यांची शाळा' हे इब्सेनच्या नाटकाचे रूपांतर नाही. त्याचे मूळ ब्योर्नस्त्येर्ने ब्योर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या 'एन हान्स्के' (१८८३) या नाटकात आहे. इंग्रजीत ते 'ए गाँटलेट' या नावाने परिचित आहे. अभ्यासग्रंथांत हा तपशील नोंदवला जातो, पण त्याचा अर्थ मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. इब्सेन आणि ब्योर्नसन हे एकाच देशाचे, एकाच पिढीचे, परस्परांचे स्नेही व प्रतिस्पर्धी असले, तरी त्यांनी विचारलेले प्रश्न एक नाहीत. मराठी रंगभूमीने नवे वळण घेताना या दोघांपैकी ब्योर्नसनचा प्रश्न प्रथम उचलला. तो का उचलला, आणि त्या निवडीने मराठी सामाजिक नाटकाला काय दिले व काय नाकारले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. ब्योर्नसन : जीवन आणि वाङ्मय

ब्योर्नसनचा जन्म ८ डिसेंबर १८३२ रोजी क्विक्ने या डोंगराळ खेड्यात झाला. वडील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होते. पुढे रोम्सडाल खोऱ्यातील नेसेट येथे त्याचे बालपण गेले. शेतकऱ्यांचे जीवन, त्यांची बोली आणि लोककथा यांचा जो ठसा तेथे उमटला, तो त्याच्या लेखनात अखेरपर्यंत टिकला. शिक्षणासाठी तो राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, येथे आला. तेथे हेल्टबर्गच्या शिकवणीवर्गात इब्सेनही शिकत होता.

नॉर्वे हा देश शतकानुशतके डेन्मार्कच्या आधिपत्याखाली होता आणि १८१४ नंतर स्वीडनशी संयुक्त झाला. ते संयुक्त राज्य १९०५ साली संपले. भाषा आणि रंगभूमी या दोन्ही क्षेत्रांत डॅनिश वर्चस्व असल्याने तेथे वाङ्मयनिर्मिती हे राष्ट्रनिर्मितीचेच एक अंग बनले. ब्योर्नसनच्या 'सिन्नोव्हे सोल्बाक्केन' (१८५७), 'आर्ने' (१८५९) आदी ग्रामीण कथांना या संदर्भात अर्थ प्राप्त होतो. नॉर्वेच्या राष्ट्रगीताचे शब्दही त्याचेच आहेत. १८५७ मध्ये बर्गन येथील रंगमंदिराचे संचालकपद इब्सेनने सोडल्यावर ते ब्योर्नसनकडे आले, आणि १८६५ ते १८६७ या काळात तो ख्रिस्तियानिया रंगमंदिराचा संचालक होता. 'सिगुर्ड स्लेम्बे' (१८६२) या नाट्यत्रयीसारखी ऐतिहासिक नाटके ही या पहिल्या कालखंडाची निष्पत्ती होय.

दुसऱ्या कालखंडाचा आरंभ 'दिवाळखोरी' आणि 'संपादक' या अर्थाच्या शीर्षकांच्या दोन नाटकांनी १८७५ मध्ये झाला. एकात व्यापारी प्रतिष्ठेचा पोकळपणा आहे, तर दुसऱ्यात वृत्तपत्रीय निर्दयपणा. इब्सेनचे 'समाजाचे आधारस्तंभ' १८७७ चे आणि 'डॉल्स हाऊस' १८७९ चे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे समकालीन जीवनावरील गद्य समस्यानाटकाची वाट ब्योर्नसनने आधी चोखाळली होती, हे स्पष्ट होते. त्या वाटेने पुढे जाऊन नाट्यरूपाची नवी खोली इब्सेनने गाठली. त्यामुळे पुढील पिढ्यांच्या स्मरणात त्याचेच नाव राहिले.

या काळात ब्योर्नसनची धर्मश्रद्धा ढळली, पण नैतिक आग्रह ढळला नाही. 'ओव्हर एव्हने' (१८८३) या नाटकात चमत्कारावरील श्रद्धेची शोकांतिका त्याने समभावाने रंगवली. सार्वजनिक जीवनातही त्याने सतत भाग घेतला. ड्रेफसवरील अन्यायाविरुद्ध तो बोलला आणि हंगेरीतील स्लोव्हाक अल्पसंख्याकांची बाजूही त्याने मांडली. १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २६ एप्रिल १९१० रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले. इब्सेन आपल्या पात्रांमागे दडून राहतो, तर ब्योर्नसन व्यासपीठावर उभा राहतो. त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही या वृत्तीतून आलेल्या आहेत.

३. 'हातमोजा' : नाटक आणि वाद

'एन हान्स्के'ची नायिका स्वावा रीस ही सुशिक्षित, स्वतंत्र वृत्तीची आणि बालशिक्षणाच्या कार्यात रमलेली तरुणी आहे. आल्फ ख्रिस्तेन्सेन या श्रीमंत घरातील तरुणाशी तिचा वाङ्निश्चय झालेला आहे. आल्फचे पूर्वी एका स्त्रीशी संबंध होते, हे तिला कळते आणि ती विवाहास नकार देते. नाटकाचा संघर्ष या नकाराभोवती उभा राहतो. दोन्ही कुटुंबांच्या मते मुलीचा हा हट्ट आहे, कारण तरुणपणीच्या अशा गोष्टी पुरुषाच्या बाबतीत जगाने विसरण्याजोग्या मानल्या आहेत. विवाहापूर्वीच्या वर्तनाचा हिशेब पुरुषाला विचारू नये, आणि स्त्रीच्या बाबतीत मात्र तो विचारलाच पाहिजे, या गृहीतकाचा उच्चार प्रत्यक्ष आल्फच्या तोंडून होतो. तेव्हा स्वावा हातातील मोजा त्याच्या तोंडावर फेकते.

नाटकाचे मर्म मात्र या प्रसंगापेक्षा आईच्या पात्रात अधिक आहे. ज्या वडिलांना स्वावा आदर्श मानत आली, त्यांचेही वर्तन निष्कलंक नव्हते, हे आईला वर्षानुवर्षे ठाऊक होते. मुलीसाठी आणि घरासाठी तिने ते सोसले होते. नकार देणारी मुलगी आणि सोसणारी आई समोरासमोर येतात, तेव्हा प्रश्न एका तरुणाच्या चारित्र्यापुरता राहत नाही. सुखी कुटुंब म्हणून जे दिसते ते कोणाच्या मौनावर उभे आहे, असा तो व्यापक होतो. मूळ पाठात समेटाची अंधूक शक्यता शिल्लक राहते. पुढे रंगभूमीसाठी केलेल्या पुनर्लेखनात ब्योर्नसनने नायिकेची भूमिका अधिक कठोर केली.

या नाटकाने स्कँडिनेव्हियात मोठा वाद पेटवला. स्त्री व पुरुष यांना एकच नीतिनियम हवा, हे अनेकांना मान्य होते. तो नियम कोणता, यावर मात्र तीव्र मतभेद झाले. ब्योर्नसनच्या मते स्त्रीकडून अपेक्षित असलेला संयम पुरुषानेही पाळला पाहिजे. याउलट, ज्या बंधनाने स्त्रीला जखडले तेच पुरुषावर लादून समता कशी येणार, असा त्याच्या विरोधकांचा सवाल होता. समीक्षक गेऑर्ग ब्रँडेस आणि ब्योर्नसन यांच्यात याच प्रश्नावरून बेबनाव झाला. ब्योर्नसनच्या मताला 'हातमोज्याची नीती' असे उपरोधिक नावही मिळाले. तरीही १८८७-८८ मध्ये एकपत्नीत्व व बहुपत्नीत्व या विषयावर व्याख्याने देत तो स्कँडिनेव्हियाभर फिरला.

४. मराठीतील पूर्वपीठिका

'एन हान्स्के' प्रसिद्ध झाले त्याच्या एकच वर्ष आधी, १८८२ मध्ये, पुण्यात ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापले गेले. सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर जी टीका झाली, तिला ताराबाईंनी दिलेले हे उत्तर होते. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषात अधिक प्रमाणात आहेत आणि नियम करणारा व मोडणारा एकच आहे, हे त्यांच्या युक्तिवादाचे सूत्र होय. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये (१८८५) या लेखिकेची पाठराखण केली. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या या लेखिकेला ब्योर्नसन ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्यालाही तिचे नाव कळण्याचा संभव नव्हता. तरीही दोघांनी दुहेरी नीतीवर जवळजवळ एकाच वेळी बोट ठेवले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्त्री-पुरुषांच्या विषम नीतीचा प्रश्न मराठीने पाश्चात्त्य नाटकाकडून उसना घेतलेला नाही. तो येथे आधीच विचारला गेला होता. नव्हती ती तो मांडणारी रंगभूमी. १८८२ मध्येच किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आले, आणि १८८३ मध्ये आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले. पौराणिक संगीत नाटक आणि शेक्सपिअर या दोन ध्रुवांमध्ये समकालीन घराच्या दिवाणखान्याला जागा नव्हती. देवलांच्या 'शारदा'ने (१८९९) सामाजिक विषय रंगभूमीवर आणला. पण तेथील नायिका ही अन्यायाची बळी आहे. पुरुषाच्या चारित्र्याचा जाब विचारणारी ती नव्हे.

रंगभूमीच्या अभावाइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण समाजस्थितीत आहे. स्वावाचा नकार संभवतो, कारण ती विवाहापूर्वीच प्रौढ आहे आणि तिच्या होकाराला अर्थ आहे. १८८३ च्या महाराष्ट्रात वरिष्ठ वर्णांतील वधू ही बहुधा अजाण मुलगी असे. त्यामुळे येथे हा प्रश्न वाग्दत्त वधूकडून न येता विधवेच्या निमित्ताने ताराबाईंच्या पुस्तकात आला. तोच विवाहितेकडून रखमाबाईंच्या रूपाने न्यायालयात आला. बालपणी झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८४ मध्ये सुरू झालेला तो खटला १८८८ मध्ये तडजोडीने मिटला.

पुढील पन्नास वर्षांत ही स्थिती पालटली. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला. पांढरपेशा वर्गात शिकलेली, प्रौढ आणि अविवाहित तरुणी हे नवे वास्तव निर्माण झाले. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ चाच आहे, आणि त्याचा विषयही हीच तरुणी आहे. 'आंधळ्यांची शाळा'ची नायिका त्या वर्षी मराठी प्रेक्षकाला परकी वाटली नाही, याचे कारण येथे सापडते. पन्नास वर्षांचे अंतर हे मराठी लेखकांच्या अज्ञानाचे माप नव्हे. ज्या सामाजिक भूमीवर हे नाटक उभे राहू शकते ती तयार होण्यास लागलेला तो काळ आहे.

५. रूपांतर आणि प्रयोग

वर्तकांच्या रूपांतराकडे पाहताना शीर्षकातील बदल प्रथम लक्षात येतो. हातमोजा फेकणे म्हणजे आव्हान देणे, हा संकेत युरोपातील सरदारी परंपरेतून आलेला आहे. मूळ नाटकात तो वाच्य आणि लक्ष्य अशा दोन्ही पातळ्यांवर कार्य करतो. मराठीत आव्हानाशी निगडित संकेत विड्याचा आहे. पण विडा उचलला जातो, तोंडावर फेकला जात नाही. वर्तकांनी शब्दशः पर्यायाचा मोह टाळला आणि आव्हानाची प्रतिमा सोडून दृष्टीची प्रतिमा घेतली. 'हातमोजा' हे शीर्षक नायिकेच्या कृतीकडे लक्ष वेधते. 'आंधळ्यांची शाळा' हे शीर्षक त्या कृतीला कारण झालेल्या समाजाकडे, डोळे मिटून घेण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या देणाऱ्या कुटुंबसंस्थेकडे, लक्ष वेधते. मूळ नाटकातील आईचे मौन या शीर्षकाच्या केंद्रस्थानी येते, असे म्हणता येईल. रूपांतरकाराने मूळ कृतीवर केलेले हे एक भाष्यच आहे.

प्रयोगाचे स्वरूपही आशयाशी निगडित होते. पार्श्वनाथ आळतेकर, के. नारायण काळे, अनंत काणेकर, केशवराव दाते अशी मंडळी 'नाट्यमन्वंतर'शी संबंधित होती. रंगवलेल्या पडद्यांऐवजी वास्तवदर्शी नेपथ्य, पल्लेदार भाषणांऐवजी संयत संवाद, मोजकी आणि प्रसंगानुकूल गीते ही या प्रयोगाची वैशिष्ट्ये होती. संगीत केशवराव भोळे यांचे होते. संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकाला गाणे संपूर्ण नाकारणे शक्य नव्हते. म्हणून त्याला पात्राच्या भावस्थितीच्या अधीन ठेवण्याचा मध्यममार्ग स्वीकारला गेला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्त्रीभूमिकांची. नायिका बिंबाची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली. गोव्यात जन्मलेल्या या गायिकेचे वय तेव्हा एकोणीस होते. पद्माबाई वर्तक याही प्रयोगात होत्या. स्त्रियांनी रंगभूमीवर काम करणे ही तेव्हा अगदी पहिली घटना नव्हती. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्याही होऊन गेल्या होत्या. परंतु सुशिक्षित मध्यमवर्गाच्या नाटकात, पुरुष नटांच्या बरोबरीने, स्त्रीने स्त्री म्हणून पुरुषाला जाब विचारणे यात काही वेगळे होते. बालगंधर्वांच्या कलेने स्त्रीरूपाचा आदर्श घडवला होता. तो आदर्श पुरुषाच्या कल्पनेतील स्त्रीचा होता. दुहेरी नीतीविरुद्धचा आक्षेप त्या आदर्शाच्या मुखातून आला असता, तर त्याची धार बोथट झाली असती. तंत्रातील सुधारणा आणि आशयाची मागणी या प्रयोगात एकरूप झाल्या, त्या मुख्यतः याच ठिकाणी.

'नाट्यमन्वंतर' ही संस्था अल्पायुषी ठरली. मराठीत बोलपटाचे युग १९३२ मध्ये सुरू झालेले होते, आणि व्यवसाय म्हणून रंगभूमी त्या काळात खचत चालली होती. पण संस्था संपली तरी तिने घालून दिलेली नाट्यरीती टिकली.

६. ब्योर्नसनचा प्रश्न आणि इब्सेनचा प्रश्न

'डॉल्स हाऊस'मधील नोरा नवऱ्याकडे चारित्र्याची शुद्धता मागत नाही. आपण स्वतः कोण आहोत, हे शोधण्यासाठी ती घराबाहेर पडते. विवाहसंस्थेच्या पोटातच तिला प्रश्नचिन्ह दिसते. स्वावाला विवाहसंस्था मान्य आहे. किंबहुना ती इतकी मान्य आहे, की तिचे पावित्र्य उभयपक्षी पाळले जावे असा तिचा आग्रह आहे. नोराची मागणी मुक्ततेची आहे, तर स्वावाची न्यायाची.

मराठी सुधारकी परंपरेला दुसरी मागणी अधिक जवळची होती. रानडे, आगरकर, धोंडो केशव कर्वे यांच्या विचारांत कितीही अंतर असले, तरी कुटुंब मोडावे असे त्यांपैकी कोणी म्हटले नाही. ते न्याय्य व्हावे, असेच म्हटले. ब्योर्नसनचे नाटक या विचारधारेत सहज सामावले. इब्सेनचे तसे झाले नाही. अनंत काणेकरांनी 'डॉल्स हाऊस'चे 'घरकुल' (१९४१) हे रूपांतर केले, पण नोराच्या प्रश्नाला खरी लोकप्रियता मिळाली ती मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'मधून (१९४२). तेथील भानुमती घर सोडते, तरी तिचे जाणे कुटुंबसंस्थेशी नाते तोडणारे होत नाही, हे शीर्षकच सांगते. भानुमतीची भूमिकाही ज्योत्स्ना भोळे यांनीच केली. बिंबा ते भानुमती या नऊ वर्षांच्या प्रवासात मराठी नायिकेने नवऱ्याच्या वर्तनाचा जाब विचारला, पण उंबरठ्यापलीकडचे जग स्वतःसाठी मागितले नाही. अत्र्यांच्या 'घराबाहेर' (१९३४) आणि 'उद्याचा संसार' (१९३६) या नाटकांचाही या दृष्टीने पुनर्विचार होण्यासारखा आहे.

स्कँडिनेव्हियातील वादाची दुसरी बाजू महाराष्ट्रात नव्हती असे नाही. ती रंगभूमीवर आली नाही, एवढेच. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. समता आणायची तर स्त्रीवरील बंधने पुरुषावर लादून नव्हे, पुरुषाला असलेले स्वातंत्र्य स्त्रीला देऊन आणली पाहिजे, ही त्यांची दिशा होती. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना दंड झाला. दोन वर्षांनी दुहेरी नीतीवरच आघात करणाऱ्या 'आंधळ्यांची शाळा'चे सुशिक्षितांनी स्वागत केले. प्रश्न एकच होता, पण त्याच्या दोन उत्तरांपैकी एकाला प्रेक्षागृह मिळाले आणि दुसऱ्याला न्यायालय. १९३० च्या दशकातील मराठी मध्यमवर्गाची नैतिक सीमारेषा इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी जोडी सापडणे कठीण आहे.

७. समारोप

आतापर्यंतच्या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, 'आंधळ्यांची शाळा'मागील प्रेरणेला सरसकट 'इब्सेनवाद' म्हणणे अपुरे आहे. तंत्राच्या बाबतीत ते नाव चालेल, पण आशयाच्या बाबतीत ब्योर्नसनचे स्वतंत्र स्थान मान्य केले पाहिजे. दुसरी, रूपांतरित नाटकाचा विचार 'मूळ' आणि 'नक्कल' या जोडीत करणे पुरेसे नाही. ताराबाई शिंदे यांच्या पुस्तकाने दाखवल्याप्रमाणे प्रश्न येथलाच होता, आणि बाहेरून आले ते त्याला रंगभूमीवर उभे करणारे रूप. तिसरी, कोणती कृती रूपांतरासाठी निवडली जाते यावरून स्वीकारणाऱ्या समाजाचे मन कळते. मराठी रंगभूमीने पुरुषाला संयम शिकवणारे नाटक आपलेसे केले. स्त्रीला स्वातंत्र्य देणाऱ्या विचारासाठी मात्र तिला बराच काळ थांबावे लागले.

ब्योर्नसनचे नाव आज त्याच्या देशाबाहेर मागे पडले आहे. मराठीत ते रूपांतराच्या उल्लेखापुरते उरले आहे. तथापि 'हातमोज्या'तील आईचे पात्र, जे तिने पाहिले आणि जे न पाहिल्यासारखे केले, ते सर्व मराठी कौटुंबिक नाटकाच्या नंतरच्या वाटचालीत पुन्हा पुन्हा भेटते. तिच्या मौनाला 'शाळा' हे नाव देऊन वर्तकांनी ते वैयक्तिक दुर्दैव नसून शिकवली जाणारी गोष्ट आहे, हे सुचवले. रूपांतर म्हणून दुय्यम मानल्या गेलेल्या या कृतीचा अभ्यास या सूचनेपासून पुन्हा सुरू होणे आवश्यक आहे.